पोच

महादेवपुऱ्यातील त्या वसाहतीच्या फाटकाशी रखवालदाराची एक चिंचोळी खोली आहे आणि तिच्या भिंतीला लागून एक लोखंडी मांडणी आहे. सकाळी नवापासून रात्री दहापर्यंत त्या मांडणीवर पुठ्ठ्याची खोकी, करड्या पिशव्या, औषधांची पाकिटे आणि किराण्याचे पुडे येऊन पडत असतात. दुपारची झोप झाली, की आप्पा खाली येतात आणि मांडणीसमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात. रखवालदार ओडिशाचा. त्याचे हिंदी आणि आप्पांचे हिंदी यांची गाठ अर्ध्या वाटेवर पडते, आणि तेवढ्यावर दोघांचे चालते. आप्पा खोक्यांना हात लावीत नाहीत. मान तिरकी करून ते फक्त चिठ्ठ्या वाचतात : कुठून निघाले, कुणाकडे चालले, वजन किती. वय ऐंशीच्या पुढे गेले, तरी ही सवय सुटलेली नाही. पस्तीस वर्षे त्यांनी हेच केले होते.

१९६७ साली ते महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एस.टी.च्या, नोकरीत लागले आणि २००२ साली निवृत्त झाले. त्यातला बराचसा काळ सातारा जिल्ह्यात महामार्गावरच्या एका स्थानकात, पार्सलच्या खिडकीमागे गेला. पत्नीच्या निधनानंतर मुलाने त्यांना बंगळुरूला आणले. मुलगा आणि सून दोघेही संगणकाच्या कंपन्यांत. महादेवपुरा हे २००७ सालापर्यंत स्वतंत्र नगरपालिकेचे गाव होते. नंतर ते महानगरात सामावले गेले आणि काचेच्या इमारतींनी त्याचे रूप पालटले. २०२३ च्या मार्चमध्ये डोक्यावरून मेट्रोही धावू लागली. या साऱ्यात आप्पांना आपले असे काही सापडत नव्हते. एकदा कृष्णराजपुऱ्याच्या झुलत्या पुलावरून जाताना मुलगा सहज म्हणाला, की खालचा हा जुना मद्रास रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार. मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करीत बंगळुरूला येणारा आणि इथून कोलारवरून मद्रासकडे जाणारा. आप्पा काही वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी अजून आमच्याच रस्त्यावर आहे.”

आप्पांच्या खिडकीचे मूळ शोधू गेल्यास १९४८ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १ जून रोजी पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, एस.टी.ची पहिली गाडी निघाली. तोवर रस्त्यांवर खासगी सर्व्हिस मोटारी धावत. माणसे भरली की त्या सुटत, न भरल्या तर सुटत नसत, आणि ज्या गावाला जाण्यात फायदा नाही त्या गावाकडे त्यांचे तोंडच वळत नसे. सरकारने ही वाहतूक आपल्या हाती घेतली, तेव्हा वेळापत्रक नावाची एक नवीनच वस्तू खेड्यापाड्यांत पोहोचली. गाडीत दोन माणसे असोत की साठ, ती ठरल्या वेळी सुटणार, ही गोष्ट त्या काळच्या माणसांना नवलाची वाटे. पुढे १९५० च्या कायद्याने अशा सेवांना महामंडळाचे रूप मिळाले. बंगळुरूतही सप्टेंबर १९४८ मध्येच म्हैसूर सरकारने आपले परिवहन खाते उभे केले होते. आजचे कर्नाटकचे महामंडळ हे त्याचेच वाढलेले रोप.

हा त्या काळाचा वाराच होता. ब्रिटनमध्ये ॲटलींच्या मजूर सरकारने केलेला परिवहन कायदा १ जानेवारी १९४८ पासून अमलात आला आणि रेल्वेबरोबरच लांब पल्ल्याच्या रस्त्यांवरची मालवाहतूकही सार्वजनिक मालकीची होऊ लागली. शेकडो लहानमोठ्या मालकांचे ट्रक एका नावाखाली आले : ब्रिटिश रोड सर्व्हिसेस. तिचे चालक रात्री निघत, अर्ध्या वाटेवर समोरून येणाऱ्या चालकाशी गाडीची अदलाबदल करीत आणि पहाटे आपापल्या घरी परतत. १९५१ साली चर्चिल यांचा पक्ष सत्तेवर आला आणि १९५३ च्या कायद्याने हे ट्रक पुन्हा विकण्यास प्रारंभ झाला. पार्सलांची शाखा मात्र १९५६ च्या कायद्यानंतर सार्वजनिक मालकीतच राहिली. १९६९ पासून ती राष्ट्रीय मालवाहतूक महामंडळाखाली गेली आणि १९८२ साली ते महामंडळ त्याच्या कर्मचाऱ्यांनीच विकत घेतले. तिथे सरकारने मालाची वाहतूक घेतली होती, इथे घेतली ती माणसांची. मालाचे ट्रक आपल्याकडे खासगीच राहिले. त्यामुळे महाराष्ट्रातले सरकारी पार्सल कधी एकटे फिरले नाही. ते माणसांच्या गाडीच्या टपावर चढे, वाहकाच्या आसनाखाली बसे, आणि साठ माणसांच्या डोळ्यांदेखत प्रवास करी.

आप्पांच्या खिडकीत एक काटा होता, कार्बन घातलेले पावती-पुस्तक होते, आणि कानावर खोचलेली जांभळी पेन्सिल होती, जिचे टोक जिभेला लावून लिहावे लागे. भाषेत ‘पार्सल’ हा शब्द खिडकीवरच्या पाटीपुरता. आत सारे ‘नग’ किंवा ‘डाग’. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे येत. त्यांची शाई ओली असे आणि हमालांच्या खांद्यावर उलटी अक्षरे उमटत. मग सिनेमाच्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या येत. त्या तंबूत पोहोचेपर्यंत एखाद्या जत्रेतले हजार लोक ताटकळत बसलेले असत. पानाच्या करंड्या, इंजिनाचे सुटे भाग, लग्नपत्रिकांची पुडकी, भोके पाडलेल्या खोक्यांतून चिवचिवणारी कोंबडीची पिल्ले, साताऱ्याचे कंदी पेढे. प्रत्येक नगाला पावती, प्रत्येक पावतीला उचलणाऱ्याची सही किंवा अंगठा. ती सही झाली, की आप्पा पुस्तकात बारीक अक्षरांत लिहीत : पोच. त्यांच्या लेखी तो शब्द म्हणजे कामाचा शेवट. त्यापूर्वी जे घडते ती नुसती हालचाल.

या साऱ्या नगांमध्ये पावतीविना चालणारी एकच जात होती, ती म्हणजे डबे. तालुक्याच्या शाळेत शिकणारी खेड्यातली मुले भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे मिळून राहत. खाणावळीचे पैसे कुणाजवळ नसत. आई पहाटे उठून भाकरी थापी, आणि मुक्कामाला आलेली गाडी सकाळी गावातून निघताना डबा वाहकाच्या हाती देई. रात्री हाच चालक आणि हाच वाहक गावच्या देवळात नाहीतर चावडीत झोपलेले असत, त्यांना पाण्याचा तांब्या तिच्याच घरून गेलेला असे. त्यामुळे डबा नेणे हे काम नव्हते, शेजारधर्म होता. स्थानकावर डबे आप्पांच्या खिडकीतल्या फळीवर ओळीने लागत. एकाला निळ्या रंगाचा पट्टा, दुसऱ्याच्या कडीला लाल चिंधी, तिसऱ्याच्या झाकणावर खिळ्याने कोरलेले नाव. दहाच्या सुमारास पोरांचा लोंढा येई आणि फळी रिकामी होई. चारच्या परतीच्या गाडीला रिकामे डबे परत जात. आप्पा त्या डब्यांची वेगळी वही ठेवीत. नियमात ती नव्हती.

१९७४ च्या पावसाळ्यात त्या फळीवरचा एक डबा उचलला गेला नाही. खटाव तालुक्यातल्या एका खेड्यातून तो येई. कडीला पिवळ्या साडीचा काठ बांधलेला. मुलगा अकरावीत होता, अंगाने किरकोळ, बोलायला लाजरा. दुपारचे तीन वाजले तरी तो आला नाही. चारची गाडी लागायची वेळ झाली. नियम आप्पांना तोंडपाठ होता : न उचललेला नग जसाच्या तसा पाठवणाऱ्याकडे परत. त्यांनी डबा हातात घेतला. तो अजून किंचित कोमट होता. भरलेला डबा घरी परत गेला, तर ती माउली रात्रभर डोळ्याला डोळा लावणार नाही, हे त्यांना दिसत होते. गावात फोन नाही, दुसरी गाडी नाही. पोराला ताप आला असेल, नाहीतर कुठे सामना बघायला गेला असेल, उद्या येईलच. आणि दुष्काळ सरून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. १९७२ सालची लाल मिलो आणि सुकडी आप्पांच्या घरानेही खाल्ली होती. जोंधळ्याच्या दोन भाकरी आणि ठेचा शिळे होऊ देणे त्यांच्या हातून होईना. त्यांनी ते जेवण जेवले, स्थानकाच्या नळावर राखेने डबा घासला, पंचाने पुसला आणि रिकामा म्हणून परत पाठवला. वहीत लिहिले : पोच.

दुसऱ्या दिवशीही मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांनी त्याच्या खोलीवर माणूस पाठवला. बरोबरची मुले म्हणाली, तो गावी गेलाय. आप्पांना त्याच क्षणी कळायला हवे होते, आणि कळलेही होते, की मुलगा गावीही नाही आणि इथेही नाही. पण आता डबा भरलेला परत पाठवायचा, तर आधीच्या दोन दिवसांचे काय सांगायचे? पहिल्या दिवशी जे दयेने केले होते, ते तिसऱ्या दिवसापासून भीतीने होऊ लागले. आज येईल, उद्या येईल, असे म्हणत त्यांनी आठ दिवस ती भाकरी खाल्ली. तिला रोज चव कमी लागत गेली. डबा मात्र ते रोज अधिक लख्ख घाशीत.

नवव्या दिवशी डबा आला, तो आईच्याच हातात. खिडकीसमोर ती उभी राहिली आणि डबा तिने गजांमधून पुढे सरकवला.

“दादा, माझ्या पोरानं जल्मात कधी डबा धुतला न्हाई,” ती म्हणाली. “उष्टा, वाळल्याला यायचा. हे आठ दिस घासूनपुसून यायलाय. पयल्यांदा वाटलं, पोरगं शानं झालं. मग झोप लागंना.”

आप्पांनी सगळे सांगितले. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. सांगून झाल्यावर तिने विचारले, “मंग आठ दिस भाकरी कोन खात हुतं?”

“मीच, आक्का.”

तिने डबा परत आपल्याकडे ओढून घेतला. “पोटातच गेली न्हवं कुनाच्या? वाया न्हाई गेली, म्हंजी झालं,” असे म्हणून ती पदर सावरीत शाळेच्या रस्त्याला लागली. ती ओरडली असती, तर आप्पांना बरे वाटले असते.

मुलाचे पत्र पाच आठवड्यांनी मुंबईहून आले. गणितात पुन्हा नापास होणार या धास्तीने तो पळाला होता आणि लालबागेत एका गिरणीजवळच्या खानावळीत भांडी घासत होता. दिवाळीला तो घरी परतला आणि आईबरोबर खिडकीवर आला. आप्पांनी त्याला विचारले नव्हते, तरी त्याने आपणहून सांगितले. पहिले चार दिवस तो पुण्याला स्वारगेटच्या स्थानकातच होता. रात्री तिथेच झोपायचा. साताऱ्याकडची गाडी लागली, की जवळ जाऊन उभा राहायचा. ओळखीचा वाहक दिसला आणि चल म्हणाला, तर परत जायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. चार दिवसांत कुणी चल म्हणाले नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हते. पहिल्या दिवशी भरलेला डबा परत गेला असता, तर दुसऱ्या दिवशी आई आली असती आणि एका ट्रंक कॉलने काम झाले असते. मुलगा ते सहज बोलून गेला. आप्पा पावती-पुस्तक चाळीत राहिले.

त्या दिवसानंतरची अठ्ठावीस वर्षे आप्पांच्या वहीत हातात न पडलेल्या नगापुढे ‘पोच’ हा शब्द आला नाही. सहकारी त्यांना कडक म्हणत, काही जण चक्रम म्हणत. पुढे रस्ते वाढले, खासगी गाड्या आल्या, कुरिअरवाले आले, मुलांच्या हाती खाणावळीपुरते पैसे आले, आणि फळीवरचे डबे एकेक करून कमी झाले. आप्पा निवृत्त झाले, तेव्हा ती फळी बहुतेक रिकामी असे. निवृत्तीनंतरच्या बातम्या ते वर्तमानपत्रांतून वाचत आले. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी घरी बसले, तेव्हा एस.टी.ने जुन्या बसगाड्यांची बाके काढून त्यांना मालवाहू केले आणि ‘महाकार्गो’ हे नाव दिले. कर्नाटकच्या महामंडळानेही २०२१ साली ‘नम्म कार्गो’ सुरू केले. बातमी वाचून त्यांनी मुलाला एवढेच विचारले होते, की त्या गाडीतून डबे जातात का.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मोटारसायकलवरून एक मुलगा फाटकाशी आला. पाठीवर चौकोनी पिशवी, रेनकोटमधून पाणी गळत होते. आप्पांची पांढरी टोपी पाहून तो थेट मराठीत बोलला. तो निपाणीकडचा होता. सातव्या मजल्यावरच्या एका बाईंचे पाकीट होते. दार बंद, फोन कुणी उचलत नव्हते.

“आजोबा, तुम्ही ठेवून घ्या की,” तो म्हणाला. “मी पोचलं म्हणून टाकतो.”

“पोचलं नाही, तर पोचलं म्हणू नये, बाळा,” आप्पा म्हणाले. “परत ने. उद्या आण.”

मुलगा हसला. “परत नेलं, तर फेरीचे पैसे मिळत नाहीत. पोचलं म्हटलं, तरच मिळतात. अजून अकरा जागा राहिल्यात.”

आप्पा त्याच्याकडे पाहत राहिले. १९७४ साली खरे बोलायला त्यांना एक पैसाही लागणार नव्हता. पगार एक तारखेला ठरलेला होता, डोक्यावर स्थानकाचे छप्पर होते, भरलेला डबा परत पाठवला म्हणून कोणताही अधिकारी त्यांना जाब विचारणार नव्हता. सरकारी नोकरीने त्यांना प्रामाणिक राहण्याची सोय करून दिली होती, आणि ती सोय असताना ते खोटे वागले होते. या मुलाला ना आगार, ना खिडकी, ना फळी. त्याचे खरे बोलणे त्याच्याच खिशातून वजा होत होते. त्याला नियम सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी हात पुढे केला.

“दे इकडे. तू म्हण पोचलं. पोचवायचं माझ्याकडे लागलं.”

मुलाने बोटाने फोनवर काहीतरी दाबले आणि तो पावसात निघून गेला. रखवालदाराने मांडणीकडे बोट दाखवले, की ठेवा तिथे. आप्पांनी मान हलवली. पाकीट त्यांनी मांडीवर घेतले. खिशातून छोटी वही काढून पाकिटावरचा क्रमांक, नाव आणि वेळ लिहिली : सायंकाळी ६.४०. आठ वाजता सुनेने वरून फोन केला, ताट वाढलेय. आप्पा म्हणाले, येतो. साडेआठला नातू बोलवायला आला. आप्पा म्हणाले, तुम्ही जेवून घ्या.

सव्वानऊला सातव्या मजल्यावरच्या बाई आल्या. दिवसभराच्या कामाने थकलेल्या, खांद्याला भिजलेली बॅग. आप्पांनी उठून पाकीट त्यांच्या हातात दिले आणि वही उघडून पुढे धरली. त्यांना काही कळेना. रखवालदाराने हिंदीत समजावले, की आजोबांना सही पाहिजे. त्या हसल्या आणि आप्पांच्या पेनाने त्यांनी सही केली.

वर ताट झाकून ठेवलेले होते. जोंधळ्याची भाकरी होती, ती सुनेने पुन्हा तव्यावर टाकून आणली. “एवढा वेळ खाली काय करत होता, आप्पा?” तिने विचारले.

“एक नग राहिला होता,” आप्पा म्हणाले, आणि जेवायला बसण्याआधी चष्मा लावून त्यांनी वहीतल्या त्या ओळीपुढे एक शब्द लिहिला.